अवकाश संशोधन संस्था आणि महाविद्यालये, महाराष्ट्रातील

अवकाशविज्ञान, खगोलीय भौतिकी, भूचुंबकत्व इ. विषयांत संशोधन करणाऱ्या संस्था आणि साधनसामग्री तुटपुंजी असलेली महाविद्यालये यांच्यातील सहकार्याचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे. अशा सहकार्याची अंगे साधारणतः चार असतात : संशोधनासाठी अनुदान, उपकरणांचा व निरीक्षणसामग्रीचा वापर, संस्थेत जाऊन राहण्याच्या खर्चाची तरतूद आणि अनुभवी संशोधकाचे दीर्घकाळ मार्गदर्शन. भारतात पदवी अभ्यासक्रमाचे बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठांशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत शिकतात. संशोधन मात्र विसाव्या शतकात मुख्यतः स्वतंत्र संस्थांमध्ये एकवटले. त्यामुळे ज्या वयात विज्ञानाची गोडी लागते, त्या वयात विद्यार्थ्यास संशोधक भेटत नाही आणि संशोधन संस्थेस हवा असलेला विद्यार्थी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ही दरी महाराष्ट्रात मुळात नव्हती. ती नंतर निर्माण झाली आणि १९७० नंतर ती सांधण्याचे योजनापूर्वक प्रयत्न सुरू झाले. नवी मुंबईतील नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेची परंपरा थेट १८२६ च्या कुलाबा वेधशाळेपर्यंत जात असल्याने या सर्व अवस्था तिच्या इतिहासात एकत्र पाहावयास मिळतात.

कुलाबा वेधशाळा व एल्फिन्स्टन विद्यालय : ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईच्या कुलाबा बेटावर वेधशाळा उभारली. जहाजांना अचूक वेळ मिळावी व खगोलीय वेध घेता यावेत, हा तिचा मूळ हेतू होता. १८४१ मध्ये तेथे भूचुंबकीय व वातावरणविषयक निरीक्षणे सुरू झाली. ती सुरू करणारे आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार हे एल्फिन्स्टन विद्यालयात प्राध्यापक होते. याच विद्यालयात गणिताचे अध्यापन करणारे, ‘दर्पण’ पत्राचे संपादक बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनीही काही काळ वेधशाळेचे काम पाहिले. म्हणजे वर्गात शिकविणारा आणि वेध घेणारा मनुष्य त्या वेळी एकच असे.

या व्यवस्थेचे सर्वांत लक्षणीय फलित म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे (केरूनाना, मृत्यू १८८४) होत. अलिबागजवळच्या नागाव येथील या मुलास ऑर्लेबार यांनी १८४० च्या सुमारास, विद्यार्थिदशा संपते न संपते तोच, वेधशाळेत साहाय्यक म्हणून घेतले. सु. दहा वर्षे तेथे काम केल्यावर केरूनाना पुण्यास अध्यापक झाले. गणित व सृष्टिशास्त्र यांचे अध्यापन करीत असताना त्यांनी मराठीत पाठ्यपुस्तके लिहिली आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. वेधांवर आधारलेली आधुनिक ग्रहगणिते त्यामुळे मराठी वाचकास व पंचांगकर्त्यास उपलब्ध झाली. लोकमान्य टिळक हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. वेधशाळेने एका तरुणास वेतन व मार्गदर्शन दिले आणि त्या तरुणाने ते ज्ञान महाविद्यालयात व मराठी भाषेत आणले, असा हा क्रम आहे. पुढील काळातील अनेक योजनांचे उद्दिष्ट याहून वेगळे नाही. तथापि ही योजना नव्हती. एका प्राध्यापकाच्या गुणग्राहकतेमुळे घडलेली ती घटना होती.

पुण्याची महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा : महाविद्यालयातच वेधशाळा स्थापण्याचा प्रयत्न पुण्यास झाला. कावसजी दादाभाई नायगामवाला (१८५७–१९३८) हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भौतिकीचे अध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये वर्णपटविज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रु. ची देणगी दिली व मुंबई सरकारने तितकीच रक्कम घातली. नायगामवाला इंग्लंडला गेले असता तेथील ज्योतिर्विदांशी विचारविनिमय होऊन प्रयोगशाळेऐवजी वर्णपटीय वेध घेणारी वेधशाळा उभारण्याचे ठरले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात ती १८८८ मध्ये उभी राहिली. तेथील २० इंच (सु. ५१ सेंमी.) व्यासाचा परावर्तक दूरदर्शक त्या काळी भारतातील मोठ्या दूरदर्शकांत गणला जाई. मृग नक्षत्रातील मोठ्या अभ्रिकेच्या वर्णपटाचे वेध तेथे घेण्यात आले. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगामवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे जाऊन घेतले व त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला.

हा उपक्रम टिकला नाही. १९१२ मध्ये नायगामवाला सेवानिवृत्त होताच वेधशाळा बंद करण्यात आली व तिची उपकरणे दक्षिणेतील कोडईकानल वेधशाळेकडे रवाना झाली. कॉलेज ऑफ सायन्सचे त्याआधीच, १९११ मध्ये, अभियांत्रिकी महाविद्यालयात रूपांतर झाले होते. देणगी, सरकारी अनुदान, उत्तम दूरदर्शक आणि अधिकारी व्यक्ती हे सर्व असूनही वेधशाळेस दुसरा वारस मिळाला नाही. कारण त्या पदावर पुढचा मनुष्य तयार करून नेमण्याची व्यवस्था महाविद्यालयात नव्हती. याउलट कुलाब्याची निरीक्षणे अधिकारी बदलत गेले तरी चालू राहिली. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार व त्यांच्या विद्युत् प्रवाहाने चुंबकमापके बिघडणार, हे ध्यानात घेऊन १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा मेळ बसावा म्हणून १९०६ पर्यंत दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली आणि मगच कुलाब्याचे चुंबकीय काम थांबविण्यात आले. कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या कारकीर्दीत हे स्थलांतर झाले. १८४६ ते १९०५ या काळातील चुंबकीय नोंदी त्यांनीच १९१० मध्ये संकलित करून प्रसिद्ध केल्या.

अशा सातत्याचे मोल पुष्कळ काळाने कळले. १ व २ सप्टेंबर १८५९ च्या सुमारास सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर अतितीव्र चुंबकीय वादळ झाले होते. कुलाब्याच्या नोंदींत भूचुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सु. १,६०० नॅनोटेस्लांनी घसरल्याचे आढळते. या जुन्या नोंदींचा अभ्यास करून भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील व परदेशातील शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये संयुक्त निबंध प्रसिद्ध केला. कृत्रिम उपग्रह व विद्युत् पुरवठ्याची जाळी यांना अशा वादळापासून किती धोका संभवतो, हे ठरविताना त्या नोंदी आज आधारभूत मानल्या जातात.

महाविद्यालयांशी दुरावा : कुलाबा वेधशाळा १८९९ मध्ये भारतीय वातावरणविज्ञान खात्याकडे गेली आणि तिचा महाविद्यालयांशी असलेला जुना संबंध क्षीण झाला. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५), अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा (१९४७) व भारतीय अवकाश संशोधन संघटना (इस्रो, १९६९) या संस्था स्थापन झाल्या. यांपैकी भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचा आरंभ अहमदाबादच्या एका विज्ञान महाविद्यालयातील खोल्यांत झाला होता. थोड्या मनुष्यबळावर व थोड्या पैशांत उच्च दर्जाचे काम उभे करावयाचे, तर ते एका ठिकाणी केंद्रित करणे त्या काळी अपरिहार्य होते आणि त्याची फळेही मिळाली. पण त्याच वेळी महाविद्यालयीन अध्यापकाच्या वाट्यास केवळ अध्यापन व परीक्षा उरल्या.

संशोधनाची ओढ असलेल्या अध्यापकास त्या काळी काय करावे लागे, याचे उदाहरण प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांचे आहे. मूळचे कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर (१९०८–९१) हे बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षता सिद्धांताचे अध्यापन करीत. त्यांच्याकडे काम करण्यासाठी वैद्य १९४२ मध्ये नोकरी सोडून कुटुंबासह बनारसला गेले व सु. दहा महिने स्वतःच्या शिलकीवर राहिले. प्रारण उत्सर्जित करणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाविषयीचा, पुढे ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने जगन्मान्य झालेला निष्कर्ष या मुक्कामात निघाला. शिल्लक संपताच वैद्यांना पुन्हा अध्यापनाची नोकरी धरावी लागली. मार्गदर्शक, विषय व बुद्धिमत्ता असूनही दहा महिन्यांच्या उदरनिर्वाहाची सोय अध्यापकाने स्वतःच करावयाची, ही स्थिती बदलण्यास आणखी चार दशके लागली.

भारतीय भूचुंबकत्व संस्था : कुलाबा व अलिबाग वेधशाळांचे चुंबकीय कार्य वातावरणविज्ञान खात्यापासून वेगळे काढून १९७१ मध्ये ही स्वायत्त संस्था स्थापन करण्यात आली. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रविद्या विभागाच्या साहाय्याने ती चालते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत तिचे मुख्य कार्यालय कुलाब्याहून नवी मुंबईतील नवीन पनवेल येथे हलविण्यात आले. भूचुंबकीय क्षेत्रातील जलद बदल हे मुख्यतः आयनांबरातील व पृथ्वीच्या चुंबकांबरातील विद्युत् प्रवाहांमुळे आणि सूर्यापासून येणाऱ्या विद्युत् भारित कणांच्या झोतामुळे घडत असल्याने ही संस्था स्वभावतःच अवकाशविज्ञानाचीही संस्था आहे. अलिबाग, नागपूर, विशाखापटनम्, शिलाँग, पोर्ट ब्लेअर इ. ठिकाणी तिच्या वेधशाळा असून प्रयागराज व तिरुनेलवेली येथे प्रादेशिक केंद्रे आहेत.

विद्यापीठांशी संबंध जोडण्याची तिची रीत दोन प्रकारची आहे. संस्थेस मुंबई विद्यापीठाची पदव्युत्तर संशोधनासाठी मान्यता असल्याने विद्यार्थी तेथे अधिछात्रवृत्ती घेऊन डॉक्टरेटचे काम करू शकतो. नानाभाई मूस यांच्या नावाने डॉक्टरेटोत्तर अधिछात्रवृत्तीही ठेवण्यात आली आहे. दुसरा प्रकार म्हणजे उपकरणच विद्यापीठाच्या आवारात नेणे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात संस्थेने मध्यम कंप्रतेचे रडार बसविले व त्याने सु. ७० ते १०० किमी. उंचीवरील वाऱ्यांचे मापन केले. रात्रीच्या आकाशातील क्षीण दीप्तीचे वेधही तेथे घेण्यात आले. मुंबईपासून दूर असलेल्या विद्यार्थ्यास संशोधनाचे उपकरण चालू स्थितीत पाहावयास मिळणे, हा अशा स्थापनेचा प्रत्यक्ष लाभ होय.

नवी मुंबई या नियोजित नगराची उभारणी १९७० नंतर सुरू झाली. रयत शिक्षण संस्थेसारख्या जुन्या संस्थांनी वाशी, पनवेल येथे महाविद्यालये चालविली व खेड्यांतून आणि मुंबईच्या वस्त्यांतून आलेल्या कुटुंबांतील मुले तेथे शिकू लागली. संशोधन संस्था व महाविद्यालये एकाच नगरात आल्याने अंतराची अडचण तेवढी दूर झाली. अध्यापकाचा वेळ, अनुदान व औपचारिक करार यांची गरज मात्र शेजारामुळे आपोआप भागत नाही.

इस्रोचा पुरस्कृत संशोधन कार्यक्रम : इस्रोने १९७० नंतरच्या दशकात ‘रिस्पॉन्ड’ या नावाने विद्यापीठे, महाविद्यालये व इतर संस्थांतील संशोधनास अनुदान देण्याचा कार्यक्रम सुरू केला. अवकाशविज्ञान, अवकाश तंत्रविद्या व त्यांचे उपयोग यांसंबंधीचा प्रकल्प अध्यापकाने सादर करावयाचा, तज्ञांनी तो तपासावयाचा आणि मान्य झाल्यास उपकरणे, संशोधन साहाय्यकाचे विद्यावेतन, प्रवास इत्यादींसाठी ठराविक मुदतीचे अनुदान द्यावयाचे, अशी त्याची रीत आहे. प्रकल्पाशी इस्रोच्या एखाद्या केंद्रातील शास्त्रज्ञाचा संबंध जोडलेला असतो, हे त्याचे वैशिष्ट्य. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत व पुणे विद्यापीठात स्वतंत्र अवकाश तंत्रविद्या कक्षही स्थापन झाले. या पद्धतीची मर्यादा अशी की, प्रकल्प लिहिण्याचा अनुभव व किमान प्रयोगशाळा ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच ती प्रथम उपयोगी पडते. अगदी लहान महाविद्यालयांपर्यंत पोहोचण्याचे कार्य अधिक प्रमाणात डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्थेच्या २००७ पासूनच्या दूरशिक्षण कार्यक्रमाने केले. त्यात देशभरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतःच्याच वर्गात बसून तज्ञांची व्याख्याने ऐकू शकतात.

आयुका : आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र (आयुका) हे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या परिसरात स्थापन केले. आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष यश पाल यांचा त्यात पुढाकार होता. विष्णु वासुदेव नारळीकर यांचे पुत्र जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) हे संस्थापक संचालक झाले. अजित केंभावी व नरेश दधिच हे त्यांचे आरंभीचे सहकारी होत. महागडी उपकरणे व ग्रंथालय प्रत्येक विद्यापीठास परवडणे शक्य नसल्याने ती एका ठिकाणी उभारून सर्वांना खुली करावयाची, हे आंतरविद्यापीठीय केंद्रांमागील तत्त्व आहे.

या तत्त्वाचे व्यवहारातील रूप म्हणजे आयुकाची अभ्यागत सहयोगी योजना. विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील अध्यापकाची तीन वर्षांसाठी निवड होते. या काळात तो वेळोवेळी पुण्यास येऊन काही दिवस वा आठवडे राहतो, ग्रंथालय व संगणक वापरतो, तेथील शास्त्रज्ञांबरोबर काम करतो. आपल्या संशोधक विद्यार्थ्यांसही आणू शकतो. प्रवासाचा व निवासाचा खर्च केंद्र करते. काम समाधानकारक असल्यास मुदत वाढविता येते. अध्यापकाने आपले महाविद्यालय सोडावयाचे नाही, हा या योजनेचा गाभा आहे. शिष्यवृत्ती घेऊन गेलेला हुशार विद्यार्थी बहुधा परत येत नाही; सहयोगी अध्यापक मात्र जून महिन्यात पुन्हा आपल्या वर्गावर उभा असतो आणि त्याच्या पुढील अनेक तुकड्यांना त्याचा लाभ होतो. याला जोडून कोची, सिलिगुडी, रायपूर इ. ठिकाणच्या विद्यापीठांत साहाय्य केंद्रे उघडण्यात आली व विविध विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत प्रास्ताविक कार्यशाळा घेण्यात आल्या.

उपकरणांच्या बाबतीतही खुलेपणाचे धोरण रुजले. पुण्यापासून सु. ८० किमी. वरील गिरवली येथे आयुकाचा २ मी. व्यासाचा दूरदर्शक २००६ मध्ये कार्यान्वित झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने नारायणगावजवळील खोडद येथे उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवरील वेळ, आलेल्या प्रस्तावांची गुणवत्ता पाहून दिला जातो. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारताच्या पहिल्या अवकाश वेधशाळेची सामग्री ठराविक मुदतीनंतर सर्वांस खुली होते. ती कशी वापरावी याचे मार्गदर्शन करणारा कक्ष आयुकात आहे. नायगामवालांच्या काळी महाविद्यालयास दूरदर्शक विकत घ्यावा लागे. आता संगणक, चांगली संपर्कसेवा आणि प्रशिक्षित अध्यापक असला, तर खरे संशोधन लहान गावातूनही करता येते.

विद्यार्थ्यांचे उपग्रह : १९१२ मध्ये ज्या महाविद्यालयातील वेधशाळा बंद झाली, त्याच पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला सु. १ किग्रॅ. वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह इस्रोने २२ जून २०१६ रोजी कक्षेत सोडला. उपग्रहाची दिशा स्थिर ठेवण्यासाठी त्यात विद्युत् शक्ती न लागणाऱ्या चुंबकांचा उपयोग केला होता. म्हणजे भूचुंबकीय क्षेत्रच त्याचा आधार होते. अनेक वर्षे चाललेल्या या प्रकल्पात विद्यार्थ्यांच्या तुकड्या बदलत गेल्या आणि प्रत्येक तुकडीने पुढच्या तुकडीस काम शिकविले. त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील विद्यार्थ्यांचा सु. १० किग्रॅ. वजनाचा ‘प्रथम’ हा उपग्रह सोडण्यात आला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची संख्या मोजणे हा त्याचा उद्देश होता. त्यासाठी इतर महाविद्यालयांत व विद्यापीठांत भूकेंद्रे उभारण्यास या विद्यार्थ्यांनी साहाय्य केले. साधनसंपन्न संस्थेतील विद्यार्थ्याने इतर महाविद्यालयातील विद्यार्थ्यास मार्गदर्शन करावे, असा हा प्रकार होता.

परदेशांतील प्रयत्न : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८७ मध्ये संमत झालेल्या कायद्यानुसार अवकाश अनुदान महाविद्यालय व अधिछात्रवृत्ती कार्यक्रम योजण्यात आला. १९८९ पासून राज्याराज्यांतील महाविद्यालयांचे संघ स्थापन करून त्यांस नासामार्फत साहाय्य देण्यात आले. नासातील शास्त्रज्ञ आणि अल्पसाधन महाविद्यालये यांच्यात संशोधन व मार्गदर्शनाचे नाते जुळावे म्हणून २०२२ मध्ये एक स्वतंत्र सेतू कार्यक्रमही हाती घेण्यात आला. भारतात २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने २०२४ मध्ये अग्रगण्य संस्थेस केंद्र मानून तिच्याभोवती इतर संस्था जोडण्याची योजना जाहीर केली. तिच्या पहिल्या टप्प्यात मुख्यतः केंद्रीय व राज्य विद्यापीठांचा विचार झाला. संलग्न महाविद्यालयांचा प्रश्न त्यामुळे पुढे राहिला.

मूल्यमापन : सु. दोनशे वर्षांच्या या इतिहासावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. केवळ इमारत व उपकरण यांवर केलेला खर्च, ते चालविणारा मनुष्य निघून गेल्यावर निष्फळ ठरू शकतो. पुण्याची वेधशाळा याची साक्ष आहे. केवळ एका थोर मार्गदर्शकावर विसंबलेले सहकार्य उत्तम फळ देते, परंतु ते पुन्हा घडेल याची शाश्वती नसते. केरूनाना व वैद्य यांची उदाहरणे या प्रकारची आहेत. जेथे पद, मुदत, खर्चाची तरतूद आणि पुन्हा येण्याचा हक्क हे नियमाने ठरलेले असतात, तेथेच सातत्य येते. कुलाबा–अलिबागच्या नोंदी व आयुकाची सहयोगी योजना यांचे यश या पद्धतीत आहे.

आजची मुख्य उणीव पैशापेक्षा वेळेची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साहाय्यक प्राध्यापकास आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. परीक्षा, प्रवेश व इतर कामे निराळी. रिक्त जागा न भरल्यास हा भार आणखी वाढतो. संशोधन संस्थेने प्रवासखर्च दिला, तरी महाविद्यालयाने अध्यापकास मोकळे केले नाही, तर तो खर्च वापरलाच जात नाही. म्हणून अशा सहकार्याच्या कोणत्याही करारात अनुदानाच्या रकमेइतकाच अध्यापकाच्या मोकळ्या वेळेचा व त्याच्या जागी शिकविणाऱ्या बदली अध्यापकाच्या वेतनाचा उल्लेख असणे आवश्यक आहे. अलिबागजवळच्या एका मुलास वेधशाळेत दहा वर्षे मिळाली आणि त्यामुळे मराठी भाषेस आधुनिक ग्रहगणित मिळाले. तेवढा अवकाश नवी मुंबईतील किंवा नांदेडमधील अध्यापकास नियमाने मिळू लागेल, तेव्हा हे सहकार्य पूर्णत्वास गेले असे म्हणता येईल.